बारशाचं तेल

माझी धाकटी लेक उज्ज्वला बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला जुळ्या मुली झाल्या, ते २०१४ साल. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. पाळणा एकच काढून ठेवलेला, दुसरा शेजारून मागून आणावा लागला. मुली नऊ दिवसांच्या झाल्या त्या सकाळी माझी मोठी जाऊ इंदूबाई दारात येऊन उभी राहिली.

"वत्सले, पाहुणी किती वाजता येणार?"

"पाहुणी नाही जाऊबाई, तपासणीवाली आहे. अकरापर्यंत येईल."

"गाडीत बसून दारी येते ना? मग ती पाहुणीच. चहाले दूध किती ठेवू?"

"ती चहा घेत नाही म्हणे. प्रफुल्लनं सांगितलंय. कुणाकडचं काही घ्यायचं नाही, असा नियमच आहे तिला."

इंदूबाईनं कपाळाला हात लावला. "पाणीबी नही?"

"पाणी बरोबर आणते."

"गावात इतक्या विहिरी असून बाटलीतलं पाणी," ती म्हणाली आणि दूध तापवायला निघून गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. घरात पोरांपासून लाडूचा डबा लपवून ठेवलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असतं, तसं. पण मी बाळंतिणीच्या शेकाच्या गडबडीत होते. लक्ष दिलं नाही.

आमचं गाव तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातलं. गावाबाहेर रस्त्याला लागून केळीच्या वेफर्सच्या चौदा भट्ट्या होत्या. आम्ही बायका तिथे कच्ची केळी सोलायला जायचो. चिकानं बोटं काळी व्हायची आणि तो काळेपणा लेकीच्या लग्नातसुद्धा मेंदीखालून दिसायचा. भट्टीवर तळून तळून जळालेलं तेल मालक एका व्यापाऱ्याला विकत. तो ते थोडं गाळून हातगाडीवाल्यांना द्यायचा. माणसं पुन्हा तेच खायची आणि पोट धरून बसायची. जे विकलं जात नसे ते नाल्यात. नाल्याच्या पाण्याला गुरं तोंड लावेनाशी झाली होती.

मग प्रफुल्ल भिरूड आला. भुसावळचा, तिशीतला, बोलायला गोड, आम्हा सगळ्यांना मावशी म्हणायचा. त्याची कंपनी जळकं तेल गोळा करून मुंबईला पाठवायची, तिथून ते जहाजानं युरोपात जायचं आणि तिकडे त्याचं गाडीत घालायचं इंधन व्हायचं. आम्ही अकरा जणींनी गट केला. भट्ट्यांवरून तेल आणायचं, निववायचं, फडक्यातून गाळायचं आणि पन्नास लिटरच्या निळ्या कॅनमध्ये भरायचं. केळी सोलणं सुटलं. वर्षभरात आमची बोटं पांढरी झाली. अनसूया भोळे रोज सकाळी आपली बोटं उन्हात धरून बघायची.

पण आता नियम बदलला होता. तिकडच्या लोकांना प्रमाणपत्र हवं होतं की तेल खरंच तळणीतलं आहे. ते नसेल तर प्रफुल्लची कंपनी आमचा एक थेंब उचलणार नव्हती. जुना व्यापारी हे ऐकून होता. तो मोटारसायकलवरून आठवड्यातून दोनदा चक्कर मारायचा आणि आमच्याकडे बघून हसायचा. मी गटाची अध्यक्ष. सगळ्यांना मीच सांगितलं होतं, की कागद मिळेल, काळजी करू नका.

अध्यक्ष झाले तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. अंगठा लावणारी अध्यक्ष बरी दिसेना, म्हणून एकावन्नाव्या वर्षी मी शाळेतल्या बोंडेबाईंकडे संध्याकाळी जायला लागले. दोन वर्षांत वाचता यायला लागलं, पण बोटानं. प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवायचं, ते सुटलं की पुढच्यावर. इंदूबाई ओट्यावर बसून चेष्टा करायची. "काढ ते बोट. अक्षर काही पळून नही जात."

अकरा वाजता जीप आली. प्रफुल्ल पुढून उतरला, मागून हेगडे मॅडम. पन्नाशीच्या, उंच, पायात मजूर घालतात तसे जाड बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मूळच्या कर्नाटकातल्या सिरसीकडच्या, पण वीस वर्षं मुंबईत राहिलेल्या. मराठी स्वच्छ बोलायच्या, थोडी पुस्तकासारखी.

इंदूबाई तांब्या घेऊन पुढे झाली. "या बाई. हातपाय धुवा."

"धन्यवाद, पण मला परवानगी नाही."

"पाय धुवायलेबी?"

मॅडम हसल्या. "तुमच्या पाण्यानं पाय धुतले तर चालणार नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. पण नको." इंदूबाईनं तांब्या परत नेला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "सासरी फार जाच झालेला दिसतो इले."

आमचे बारा कॅन छपराखाली दोन ओळींत मांडले होते. पहिल्या ओळीतल्या पहिल्या कॅनला कुणीतरी हळदीकुंकवाची बोटं लावली होती आणि खाली केळीचं पान घातलं होतं. मला वाटलं, दिवाळी जवळ आली, घातलं असेल. मॅडमनी हातातल्या कागदावरची यादी बघितली.

"सात नंबरचा कॅन दाखवा."

सातवा मागच्या ओळीत होता. त्यांनी झाकण काढलं, लांब काचेची नळी आत सोडली, वर काढून उजेडात धरली. तेल चहासारखं काळपट. त्यांनी वास घेतला, मान डोलावली आणि छोट्या बाटलीत नमुना भरला. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात इंदूबाई पुढे आली. "बाई, ते नका घेऊ. हे घ्या. हे इकडचं."

"मला सातवाच घ्यायचा होता, आजी."

"सातव्यात काय आहे? मागं ठेवलेलं कोणी पाहुण्याले देतं का? हा पाहा." आणि तिनं कुंकू लावलेल्या कॅनचं झाकण फिरवून काढलंसुद्धा.

मॅडम दोन पावलं चालून आल्या. नळी आत गेली, वर आली. आतलं तेल पिवळंधमक होतं. नळीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. छपराखाली शेंगदाण्याच्या ताज्या तेलाचा वास सुटला.

मी तो वास ओळखला. उज्ज्वलाच्या मुलींच्या बारशासाठी शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा आणून इंदूबाईच्या घरी ठेवला होता, कारण माझ्या घरी बाळंतिणीमुळे जागा नव्हती.

"हे वापरलेलं तेल आहे?" मॅडमनी विचारलं.

प्रफुल्ल घाईनं म्हणाला, "गाळलंय, मॅडम. या बायका फार स्वच्छ. डबल गाळतात."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग कॅनकडे. मग पिशवीतून एक कागद काढला. "हे तुमच्या संस्थेचं प्रतिज्ञापत्र. बाराही कॅनसाठी एकच. मराठीत आहे. अध्यक्षांनी वाचून सही करायची."

प्रफुल्ल माझ्याजवळ सरकला. "मावशी, करून टाका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "चांगलंच तेल दिलंय ना आपण? वाईट दिलं असतं तर गोष्ट वेगळी. कुणाचं काय नुकसान?"

मी खाटेवर बसले, कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवलं. बाकीच्या दहा जणी भोवती उभ्या. मी मोठ्यानं वाचायला लागले, कारण मनातल्या मनात वाचायला मी तोवर शिकले नव्हते.

"आम्ही, खाली सही करणार, असे लिहून देतो की, वर उल्लेख केलेल्या, सर्व बारा कॅनमधील तेल..."

पुढचा शब्द 'हे' होता. त्याच्यापुढचा मी डोळ्यांनी आधीच बघितला होता. तळणीसाठी. मी थांबले.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. बाई, पुढचं मला वाचता येत नाही, अडाणी माणूस, असं म्हणून सही करून टाकायची. कुणालाही ते खरं वाटलं असतं. माझी थट्टा होईल, दुसरं काही होणार नाही. किंवा पुढचं वाचायचं. आणि वाचलं की माझ्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी असलेली, मला या घरात आणताना उंबऱ्यावरचं माप ज्या बाईनं भरलं होतं, ती सगळ्या गावासमोर आणि पाहुणीसमोर खोटी पडणार.

इंदूबाई म्हणाली, "काय वं, अडली का? दोन वर्षं शाळेत गेली अन् एवढ्याशा कागदाले अडली?"

दोघी-तिघी हसल्या. मी कागदाकडे बघत राहिले.

"वाच," इंदूबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "जे लिहिलं ते वाच. थांबू नको."

मी वाचलं. "तेल हे तळणीसाठी वापरलेले असून, त्यात ताजे किंवा न वापरलेले खाद्यतेल मिसळलेले नाही."

"झालं?" इंदूबाईनं विचारलं.

"झालं."

"मंग ते खोटं आहे," ती मॅडमना म्हणाली. "पहिल्या कॅनातलं तेल ताजं आहे. मी भरलं. काल दुपारी, वत्सला बाळंतिणीजवळ होती तव्हा. तिले काही माहीत नव्हतं. या पोरालेबी नव्हतं, तो उगाच मधे बोलला."

प्रफुल्ल खाली बघायला लागला. मॅडम शेजारच्या खाटेवर बसल्या. "आजी, का भरलंत?"

"का म्हणजे?" इंदूबाईला प्रश्नच कळेना. "आमचा माल परदेशात चालला. अन् पहिल्यांदा गावचं नाव घेऊन चालला. खरकटं तेल कसं पाठवू? तिथली माणसं वास घेतील अन् म्हणतील, या गावच्या बाया पाहुण्याले जळकं देतात. मी सगळ्यांले सांगितलं, एक तरी कॅन चांगला पाहिजे. आमच्या घरचा डबा होता बारशाचा, तो टाकला. बाकीच्यांनी रेशनच्या तेलाच्या पिशव्या दिल्या. दिवाळीसाठी जमवल्या होत्या. चौतीस पिशव्या."

"रेशनच्या?"

"सरकार देते ना कमी भावात. त्याच."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, रागावल्या. पण त्या हसू दाबत होत्या.

"आजी, नीट ऐका. तिकडे नियम असा आहे, की खाण्यासारखं तेल गाडीत जाळू नये. माणसांचं अन्न गाड्यांना दिलं तर अन्नासाठी दुसरीकडे शेत करावं लागतं आणि त्यासाठी कुठेतरी रान तोडलं जातं. म्हणून ताज्या तेलाला तिथे मान नाही. जे एकदा माणसाच्या कामी आलं आणि आता फेकून देणार, त्याला मान. त्याचा भावही जास्त."

"जळक्याचा भाव ताज्यापेक्षा जास्त?"

"त्या कामासाठी, हो. म्हणून तर मला हिंडावं लागतं. लोक चांगलं तेल जळकं म्हणून खपवतात."

इंदूबाईनं सगळ्यांकडे बघितलं. "अन् हे रेशनचं?"

"ते तर आणखी अवघड. ते आपल्या सरकारनं पदरचे पैसे घालून तुमच्यासाठी स्वस्त केलेलं तेल. तेच तेल देशाबाहेर विकलं गेलं तर तिकडचे म्हणतात, या देशाचं सरकार पैसे घालून माल स्वस्त करतं आणि आमच्या शेतकऱ्याचा माल पडून राहतो. मग वर जास्तीचा कर बसतो, तक्रारी होतात, एक सरकार दुसऱ्या सरकारला नोटीस पाठवतं."

"अनसूयेच्या तीन पिशव्यांवरून दोन सरकारं भांडली असती?"

"माझ्या चार होत्या," अनसूया मागून म्हणाली.

आता मॅडमना हसू आवरलं नाही. आमच्यातल्या सगळ्याच हसायला लागल्या. इंदूबाई मात्र विचारात पडली होती. मग तिचा चेहरा उजळला.

"एवढंच ना? तेल तळणीतलं पाहिजे ना? मंग आत्ता भट्टी पेटवते. केळी आहेत, माणसं आहेत. सांजेपर्यंत पन्नास लिटर तेल असं काळं करून देते, की सातव्या कॅनलेबी लाज वाटेल."

"नाही आजी," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "हेच तर चालत नाही. तेल जळकं करण्यासाठी तळणं, हीच सर्वांत मोठी चोरी."

"तळल्यावर खाऊ ना आम्ही."

"तरीही."

इंदूबाई खाली बसली. "लय कडक आहे बाई तुमचं," ती म्हणाली. "वहीत काय लिहाल?"

"जे झालं ते. आधी मला सांगा, या कॅनमध्ये मुळात जळकं तेल होतं ना? ते कुठे आहे?"

हा प्रश्न ऐकल्यावर आमच्या गटातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि त्या पांगल्या. पाच मिनिटांत आळीतून मिरवणूक निघाली. अनसूयेच्या डोक्यावर पितळी हंडा, शालिनीच्या हातात दोन बादल्या, कुणाच्या काखेत कळशी, कुणाकडे लोणच्याची बरणी. सगळ्यात मागून इंदूबाई आणि तिची सून, दोघींनी मिळून उचललेलं लग्नाचं मोठं घंगाळ. सगळ्यांत काळं तेल. फेकून द्यायला जीव झाला नाही म्हणून घरोघर ठेवलं होतं. कुत्री मागून चालली होती.

मॅडमनी लिटराच्या मापानं सगळं मोजायला लावलं. अठ्ठेचाळीस भरलं.

"दोन लिटर कमी आहे."

इंदूबाईच म्हणाली, "ते आळीतल्या बैलगाड्यांच्या आसांले घातलं. फार करकरत होत्या."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मी बोट ठेवून वाचलं नाही, पण मान लांब करून बघितलं. 'दोन लिटर, बैलगाडीच्या आसासाठी,' असंच लिहिलं होतं.

प्रतिज्ञापत्रावर त्यांनी बाराच्या जागी अकरा केलं आणि शेजारी स्वतःची छोटी सही केली. मी पुन्हा पहिल्यापासून, बोट ठेवून, मोठ्यानं सगळं वाचलं. कुणी हसलं नाही. मग सही केली. 'वत्सला फेगडे' लिहायला मला अर्धं मिनिट लागायचं. मॅडम थांबल्या.

जीपमध्ये बसताना त्या म्हणाल्या, "मी पुन्हा येईन. न सांगता. आज काही कबूल करत नाही."

"चहा?" इंदूबाईनं खिडकीशी जाऊन विचारलं.

"नाही, आजी."

जीप गेल्यावर इंदूबाई माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "बारसं परवा आहे. तेल नही. आता काय करायचं?"

पहिल्या कॅनमधलं ताजं तेल खाता येणार नव्हतं. कॅन कितीही राखेनं घासला तरी तो जळक्या तेलाचाच. म्हणून बारशाला तळलेलं काही झालं नाही. घुगऱ्या, गूळ आणि ज्वारीच्या लाह्या. एका मुलीचं नाव रेवा, दुसरीचं तापी. जावई म्हणाले, तापी हे काय नाव. पण इंदूबाईनं तिच्या कानात ते आधीच सांगून टाकलं होतं. आणि ते पन्नास लिटर तेल आम्ही सगळ्या आळीत वाटून टाकलं, दिव्यांसाठी. त्या दिवाळीत आमच्याकडे पाचही दिवस उंबऱ्यापासून नाल्यापर्यंत पणत्या होत्या आणि एकही अर्ध्यात विझली नाही. जुना व्यापारी मोटारसायकल थांबवून बघत राहिला. त्याला वाटलं, आम्हाला कागद मिळाला.

कागद मिळाला माघात. त्याआधी मॅडम न सांगता एकदा येऊन गेल्या, बाराही कॅन उघडून बघितले, सगळे काळे. इंदूबाईनं चहा विचारला. त्यांनी नाही म्हटलं. कागदाला एक पुरवणी जोडली होती, तिच्यात आमच्या पहिल्या कॅनची सगळी हकिकत होती आणि शेवटी एक ओळ, की चूक संस्थेच्या सभासदानं स्वतःहून सांगितली, त्यामुळे बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ती ओळ मी गटाच्या बैठकीत दोनदा वाचून दाखवली. नंतर व्यापाऱ्यानं मोटारसायकल दुसऱ्या रस्त्यानं न्यायला सुरुवात केली.

चार वर्षांनी एका दुपारी साधी गाडी येऊन दारात थांबली. हेगडे मॅडम उतरल्या. या वेळी चपला होत्या, शेजारी नवरा होता. "मी ती नोकरी सोडली," त्या म्हणाल्या. "आज तपासणीला आले नाही. इंदूआजी आहेत?"

इंदूबाईनं तांब्या आणून समोर ठेवला आणि मॅडमनी पाय धुतले. मग ती मला ओढून स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी केळी सोलायला बसले, ती कढईशी. तेल तापेपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"त्या दिवशी कागद वाचताना तू थांबली," ती म्हणाली. चार वर्षांत आम्ही ते कधी बोललो नव्हतो. "अडली नव्हती."

"नाही. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्हीच तर म्हणालात, अडली का."

"तू अडली की बोट दाबून धरते. अक्षराखाली नख रुततं तुझं. ओट्यावरून दोन वर्षं पाहत होते मी. त्या दिवशी तू बोट उचललं होतं." तिनं एक काप तेलात सोडून बघितला. तो लगेच वर आला. "तव्हाच कळलं, कागदात माझं काहीतरी आहे, अन् ही माझ्यापायी खोटी सही करणार. म्हणून म्हटलं, वाच."

मी केळ्याची साल हातात धरून बसले.

"आता सोल," ती म्हणाली. "पाहुणी भुकेली आहे."

मॅडमनी दोन ताटं वेफर्स खाल्ले, वर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, आणि तीन कप चहा. जाताना इंदूबाईनं पाच किलोची पिशवी गाडीत ठेवली. ती त्यांनी घेतली.

इंदूबाई इच्छाराम फेगडे २०२१ सालच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी सकाळी सात वाजता आपल्या घरी वारली. वय एकोणऐंशी. हेगडे मॅडम दहाव्याला आल्या होत्या.